कागदावरचा पदर

६ जानेवारी २०२५, सोमवार

आठ महिन्यांनी आज कामावर गेले. डाव्या हातानं लिहितेय, म्हणून ओळ खाली घसरते. घसरू दे. दवाखान्यातल्या मॅडमनी सांगितलंय, रोज काहीतरी लिहा, हात वळेल.

सकाळी चपला घालताना पाय उचलेना. वाटलं, पुन्हा एलिव्हेटरपाशीच उभं करतात की काय. पट्ट्याला लोखंडी डबे लावलेलं ते यंत्र, खालून बी उचलतं आणि पार छतापर्यंत नेतं. माझी तीन बोटं त्याच्याच बुडाशी गेली. पण रजतशेठनी गेल्या गेल्या केबिनमध्ये बोलावलं. मोठ्या शेठजींचे नातू, बियाण्याचा कारखाना आता तेच बघतात. खुर्ची दिली, चहा मागवला.

"मावशी, आता रोज सव्वाआठला सगळ्यांना उभं करून दहा मिनिटं सुरक्षेच्या सूचना द्यायच्या. बाहेरचा माणूस बोलला तर कोण ऐकतंय? तुमचं ऐकतील."

मला कोणी आजवर कुठं बोलायला उभं केलं नव्हतं. दहावी झाले तेव्हाही नाही.

टाईप केलेला कागद दिला. पदर नीट खोचा, केस बांधा, औषध लावलेल्या बियाण्याला हात लागला की साबणानं धुवूनच जेवा. आणि शेवटी माझी गोष्ट: पदर मोकळा होता, डब्यात अडकला, तो सोडवायला गेले आणि हात गेला. शेवटी हात वर करून दाखवायचा.

चाळीसेक माणसं, त्यात बाया जास्ती. दोन मिनिटांत संपवलं. हात दाखवला तेव्हा सगळ्या बघत होत्या, फक्त राधेश्यामजी बघत नव्हते. ते आमचे सुपरवायझर. खाली फरशीकडं बघत म्हणाले, "बस, झालं. चला लाइनीवर."

माणूस हळवा आहे. मी दवाखान्यात होते तेव्हा दर रविवारी मोसंब्या घेऊन यायचे, पाच मिनिटं उभे राहायचे, काही न बोलता जायचे.

१० जानेवारी, शुक्रवार

आज बरं बोलले. आवाज मागच्यांपर्यंत गेला. माझ्या जुन्या जागेवर एक नवी बाई लावलीय, सोनूबाई. वडीगोद्रीकडची, इथं भावाकडं राहते. वय माझ्याएवढंच, चाळिशीचं. बोलणं संपल्यावर जवळ आली आणि विचारलं, "ताई, अजून दुखतं का हो?"

मी म्हणले, "तू सूचनेकडं ध्यान दे."

उगीच तोडून बोलले. दुखतं. नसलेली बोटंच जास्ती दुखतात.

२० जानेवारी, सोमवार

कमरबी माझ्यासोबत जेवत नाही. नऊ वर्षं आम्ही एका डब्यात जेवलो. ती आणि मी एकाच यंत्रावर होतो, पाळीपाळीनं बुड साफ करायचो. आता सव्वाआठला ती पोत्यांच्या थप्पीमागं उभी राहते, तिचं नुसतं डोकं दिसतं. आज मुद्दाम हाक मारली तर म्हणे, "कंबर दुखून राह्यली, टेकून उभी हाय."

मला वाटतं, तिला माझं पुढं उभं राहणं सलतंय. मला खुर्ची मिळाली, तिला नाही. घरी बोलले तर आमचे हे म्हणाले, "तू तुझं बघ." टेम्पो चालवतात, कुणाच्या मधे पडत नाहीत.

३० जानेवारी, गुरुवार

रोज तेच बोलायचं. शाळेतली प्रार्थना म्हणावी तसं झालंय. आज मी "माझा पदर" म्हणले आणि मागून कोणीतरी "मोकळा होता" म्हणून वाक्य पुरं केलं. सगळ्या हसल्या. मीही हसले. मग दिवसभर काहीतरी टोचत राहिलं.

बसल्या बसल्या तो दिवस आठवायचा प्रयत्न केला. एप्रिलचा शेवट, गाडी भरायला दारात उभी. औषधाचा उग्र वास. बी चोंदलं होतं. राधेश्यामजींचा आवाज, "बंद मत करना, जल्दी काढ." मग एक खट्ट. मग पांढरं छत.

पदर अडकल्याचं काही आठवत नाही. पण राधेश्यामजी तर रोजच तसं ओरडतात, त्यात काय विशेष. आणि एवढं रक्त गेल्यावर कुणाला सगळं आठवतं?

११ फेब्रुवारी, मंगळवार

सीझन लागला. दोन पाळ्या चालू. माझी दहा मिनिटं आता चारवर आली. राधेश्यामजी म्हणाले, "आज राहू द्या, नंदाबाई. उद्या डबल बोला." मी ऐकलं नाही, बोलले. पण बायांचं लक्ष लाइनीकडं.

दुपारी एलिव्हेटर तीनदा चोंदला. मी तिकडं गेले. इतके दिवस टाळत होते. सोनूबाई वाकून हातानं बी ओढत होती, आणि बुडाचं तोंड सताड उघडं. आत डबे फिरताना दिसत होते.

फिटर सर्जेरावला विचारलं, "झाकण कुठंय याचं?"

"थप्पीमागं पडलंय."

"मंग बसवत का न्हाई?"

"बोल्ट हायत का? दोन वर्षं झाले, नंदाबाई. तासा-तासाला चोंदतं. कोण तासा-तासाला खोलणार अन् कसणार?"

मी त्याला खूप बोलले. उलट तोच माझ्याकडं असा बघायला लागला, जणू मीच काहीतरी

१२ फेब्रुवारी, बुधवार

काल वाक्य अर्धं सोडलं.

दोन वर्षं म्हणजे मागच्या एप्रिलमध्येही झाकण नव्हतं. रोज उघडंच बघत होते, म्हणून तेव्हा कधी खटकलं नाही.

पण पदर मोकळा असेलच. झाकण असो की नसो, मोकळा पदर म्हणजे चूक. झाकण असतं तर पदर आत कुठून गेला असता, हे मात्र कळत नाही. सकाळपासून हाच हिशोब चाललाय डोक्यात. भाजी करपली.

१६ फेब्रुवारी, रविवार

दुपारी कमरबीच्या घरी गेले. पोरी बाहेर गेल्या होत्या. तिनं चहा ठेवला, कप धुतले, परत धुतले. मी सरळच विचारलं, "त्या दिवशी माझा पदर कसा होता?"

ती गॅसकडं तोंड करून उभी. तशीच म्हणाली, "कमरेला घट्ट खोचेल होता. मीच तर मागून पिन लावून दिल्ती तुला."

"मंग अडकला कसा?"

"अडकला न्हाई. हात टाकला तू, झाकण नव्हतं, डबा आला. बस."

"मंग पदर आला कुठून?"

"कागदावर आला. रजतशेठनं केबिनमध्ये बोलावलं मला. म्हणले, पदर अडकला म्हण, न्हाई तर लाइन बंद करतील अन् सीझनभर चाळीस घरं बसतील. मी हो म्हणले. अंगठा दिला." मग पदरानं तोंड पुसून म्हणाली, "अन् अजून एक सांगते, मंग शिव्या दे. ती पाळी माझी होती. मी पाणी प्यायला गेल्ते. तू म्हणली, जा, मी काढते."

मी उठले. चहा तसाच राहिला. दारातून वळून म्हणले, "दवाखान्यात आलीस, माझ्या उशाशी बसलीस, तेव्हा तोंड नव्हतं तुला?"

रस्ताभर मला तिचा राग येत होता. रजतशेठचा यायला पाहिजे होता, राधेश्यामजींचा यायला पाहिजे होता, पण येत होता तो तिचाच.

१७ फेब्रुवारी, सोमवार

सव्वाआठला तोंडातून "पदर" निघेना. साबणाचं बोलले, डोळ्यांचं बोलले, बाजूला झाले. रजतशेठ लगेच आले. "मावशी, आज आपली गोष्ट राहिली?"

म्हणले, "विसरले." मग धीर करून झाकणाचं काढलं.

"सीझन होऊ द्या ना. मे संपला की मशीनच नवं घेतोय. आणि हो, चार मार्चपासून सुरक्षा सप्ताह आहे. पाहुणे येणार. तुमचा बोर्ड करायला टाकलाय, फोटोसकट. तो कार्यक्रम झाला की तुम्हाला परमनंट करायचं आजोबांशी बोललोय."

परमनंट. बारा वर्षं झाली मला इथं.

२३ फेब्रुवारी, रविवार

ह्यांना सगळं सांगितलं. कमरबीचंही. ऐकून घेतलं आणि टेम्पोची काच पुसत राहिले. शेवटी म्हणाले, "गप राह्य. बोलून बोटं येणार का? परमनंट झाली तर म्हातारपणाला आधार हाय."

खोटं नाही त्यांचं. माझा उजवा हात आता साधा हंडा उचलत नाही. उद्या मला दुसरं कोण काम देणार?

आठवडाभर सूचना देताना पदराचं अर्धवटच बोलतेय, तोंडातल्या तोंडात. कमरबी आता थप्पीमागंही दिसत नाही. सूचना संपल्यावरच आत येते.

४ मार्च, मंगळवार

बोर्ड केवढा मोठा. माझा फोटो, हात पुढं केलेला, आणि खाली लाल अक्षरात "माझी एक चूक". फोटो चांगला आलाय, सगळ्याच म्हणत होत्या.

खुर्च्या, हार, पाहुणे. माईक हातात दिला. मी ठरवून गेले होते की पदराचं नाव काढायचं नाही. समोर रजतशेठ, त्यांच्या शेजारी मोठे शेठजी काठी टेकून. बाजूला हे, मुद्दाम इस्त्रीचा शर्ट घालून आलेले.

मी सगळं सांगितलं. कागदावर होतं तसं. पदर मोकळा होता, अडकला, माझी चूक. आज तर नेहमीपेक्षा चांगलं बोलले. खूप वेळ टाळ्या वाजल्या. शाल दिली.

कमरबीचा रोजा होता. टाळ्या चालू असतानाच ती उठून गेली.

शाल घडी करून कपाटात सगळ्यात खाली ठेवली.

६ मार्च, गुरुवार

आज लिहिल्याशिवाय झोपायचं नाही.

अकराच्या सुमाराला लाइनीवर किंकाळी. माझ्या पायातली चपल कुठं राहिली मला माहीत नाही. सोनूबाई खाली बसलेली, उजवा हात छातीशी धरून. हातमोजा डब्यासोबत वर गेला होता. हात वाचला. मधल्या बोटाचं नख मुळापासून उपटलं, बाकी खरचटलं. मोजा ढिला होता म्हणून सुटला, एवढंच. सर्जेरावनं मोजा वरून काढून आणला, त्याच्या चिंध्या झालेल्या.

मी तिच्याजवळ बसले. म्हणले, "चालू मशीनमध्ये हात कशाला घातला ग?"

तिला रडू फुटलं. "ताई, मी पदर बांधला होता की! तुम्ही सांगितला तसा, डबल गाठ मारून. पिनसुद्धा लावली. तुम्हीच तर म्हणता, पदर मोकळा होता म्हणून झालं. मला वाटलं, पदर बांधला की भ्या न्हाई."

माझ्याच तोंडचं ऐकून तिनं हात घातला. दोन महिने रोज सकाळी मी तिला हेच शिकवत होते.

तिला टाके घालून आणलं. राधेश्यामजी स्वतः गाडीवर घेऊन गेले. संध्याकाळी गेटपाशी भेटले, म्हणाले, "मामुली आहे, नंदाबाई." त्यांचे ओठ पांढरे पडले होते.

७ मार्च, शुक्रवार

आज सव्वाआठला टाईपाचा कागद घरीच ठेवला. सगळे जमले. सोनूबाई बँडेज बांधलेला हात घेऊन आली होती, घरी राहा म्हणलं तरी. पाहुणे नव्हते, माईक नव्हता.

मी म्हणले, "बायांनो, माझा पदर अडकला नव्हता."

कुणी हसलं नाही.

"पदर खोचेल होता. पिन होती. बुडाला झाकण नव्हतं अन् मशीन चालू होतं. चालू मशीनमध्ये हात घातला म्हणून बोटं गेली. पदर हजार वेळा बांधा, झाकण नसलं तर हात जाणार. मी तुम्हाला दोन महिने खोटं सांगितलं. काल सोनूबाईचा हात माझ्या खोट्यापायी गेला असता."

पुढं काय बोलायचं ठरवलं नव्हतं. मागून आवाज आला, "पिन मी लावली होती." कमरबी थप्पीमागून निघाली आणि सगळ्यांमधून चालत पुढं आली. "अन् खोटा अंगठा बी मीच दिला. झाकण बसल्याबिगर मी लाइनीवर चढत न्हाई."

ती फरशीवर बसली. मग सोनूबाई बसली. मग एकेक करून बाकीच्या. काहीजणी उभ्या राहिल्या, इकडंतिकडं बघत. त्यांना मी काय नावं ठेवू, मी तर परवा शाल घेतली.

राधेश्यामजी पुढं आले. मला वाटलं आता ओरडणार. मी त्यांनाच विचारलं, "राधेश्यामजी, त्या दिवशी मशीन बंद करू नको, असं मला कोण म्हणलं होतं?"

त्यांनी चष्मा काढला. शर्टाच्या टोकानं पुसला, परत पुसला. मग सर्जेरावकडं वळून विचारलं, "बोल्ट कितीचे लागतील?"

"बारा नंबरचे. आठ."

"जा, घेऊन ये. माझं नाव सांग दुकानात." आणि स्वतः जाऊन मेन स्विच खाली ओढला.

झाकण दुपारी एकला बसलं. स्विचला कुलूप घालायची युक्ती सर्जेरावची. बुड साफ करायचं असेल तर आधी कुलूप लावायचं, आणि चावी साफ करणाऱ्या बाईजवळ.

रजतशेठनी चारला केबिनमध्ये बोलावलं. रागावले नाहीत. पाणी दिलं. म्हणाले, "मावशी, तुम्ही तर घरच्या आहात. असं सगळ्यांसमोर? अपघाताच्या जबाबाच्या कागदावर सही तुमचीच आहे ना?"

"सही न्हाई, अंगठा हाय. डाव्या हाताचा. उजव्याला पट्ट्या होत्या. वाचून कुणी दाखवलं न्हाई."

त्यांनी पेनला टोपण लावलं.

१० मार्च, सोमवार

सूचना द्यायचं काम माझ्याकडून काढलं. छत्रपती संभाजीनगरहून एक साहेब येणार, महिन्यातून एकदा, पडद्यावर चित्रं दाखवणार. बोर्ड उतरवला. मला पलीकडच्या शेडमध्ये पाकिटांवर लेबलं लावायला दिलंय. आरामाचं काम आहे म्हणाले रजतशेठ. आराम आहे खरा. दिवसभर बोलायला माणूस नाही. परमनंटचं मी विचारलं नाही, त्यांनी काढलं नाही.

कमरबीनं दुपारी शेडच्या दारात येऊन नुसतं बघितलं. मी मान हलवली. अजून बोलणं सुरू झालं नाही आमचं.

२० मार्च, गुरुवार

आज सुट्टी टाकून कारखान्यांच्या तपासणी कार्यालयात अर्ज दिला. अर्ज मीच लिहिला, दोन पानं, जे झालं ते. खाली कमरबीचंही मीच लिहिलं की पहिला जबाब खोटा होता, आणि तिनं अंगठा दिला. आम्हाला न्यायला हेच टेम्पो घेऊन आले. सकाळी नाही म्हणत होते. मी चपला घातल्या आणि चालायला लागले, तर नाक्यापर्यंत मागून हळूहळू टेम्पो चालवत आले आणि म्हणाले, "बस. उन्हात कुठं चालते?"

तिथल्या कारकुनानं अर्ज वाचला, मान वर करून माझ्या हाताकडं बघितलं आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून दिला. पुढं काय होईल ते त्यानं सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

येताना कमरबी आणि मी टेम्पोत मागं बसलो होतो. तिचा रोजा, ओठ सुकलेले. ती म्हणाली, "ती पाळी माझी होती, नंदा."

मी म्हणले, "मीच म्हणले होते तुला, जा म्हणून."

एवढंच झालं.

२७ मार्च, गुरुवार

तीनच्या सुमाराला मी शेडमध्ये लेबलं लावत होते. एरवी पंख्याच्या घरघरीत पलीकडचं काही कळत नाही, आज पंखा बंद होता. एलिव्हेटरचा आवाज इतका सवयीचा झालाय की ऐकूच येत नाही. आणि एकदम तो थांबला.

भर सीझनमध्ये लाइन मधेच थांबते ती एकाच कारणानं. माझ्या वेळी अशीच थांबली होती. मी पाकिटं टाकून पळाले. दोन शेडमधल्या त्या उन्हात मला एकच दिसत होतं, सोनूबाईचा हात. किंकाळी येईल म्हणून कान टवकारले होते. किंकाळी आली नाही, म्हणून जास्तच भ्याले.

आत शिरले तर कुणी धावपळ करत नव्हतं. बाया पोत्यांवर टेकून बसलेल्या. एकजण केसांची पिन काढून परत लावत होती. स्विचला कुलूप. सर्जेराव उकिडवा बसून पान्यानं बोल्ट ढिले करत होता. सोनूबाई शेजारी उभी, नख अजून नीट आलेलं नाही. राधेश्यामजी भिंतीला पाठ लावून घड्याळाकडं बघत होते, पण गप्प. बी चोंदलं होतं. एवढंच झालं होतं.

सोनूबाई म्हणाली, "ताई, काय झालं? अशा का धापा टाकून राह्यल्या?"

मी म्हणले, "आवाज बंद झाला."

"बंदच केला की," ती म्हणाली. "साफ करायचंय."

आठ बोल्ट, झाकण, बी ओढणं, परत आठ बोल्ट. अकरा मिनिटं लागली. तेवढा वेळ पत्र्यावर चिमण्यांची पावलं ऐकू येत होती. बारा वर्षांत मला माहीतच नव्हतं की आमच्या पत्र्यावर चिमण्या असतात.

कमरबी पोत्यावर बाजूला सरकली. मी तिच्याजवळ बसले.